फ्रेंचकडे मराठीच्या वाटेने

चि. मुक्ता,



डेल्फच्या बी-१ परीक्षेसाठी तू सराव म्हणून लिहिलेले दोन्ही निबंध वाचले. तुझा शब्दसंग्रह चांगलाच वाढला आहे. पण कर्माच्या जागी सर्वनाम आलं की तुझं वाक्य अडखळतं. 'मी तिला ओळखते' यासाठी तू 'झ कोने ला' लिहिलंस. हे 'आय नो हर' या इंग्रजी वाक्याचं फ्रेंच आहे. शाळेपासून दुसरी कोणतीही भाषा इंग्रजीतूनच शिकायची सवय लागली की असं होतं. माझं ऐक, या एका प्रकरणापुरतं तरी इंग्रजी बाजूला ठेव.

तुझंच मराठी वाक्य बघ. मी, तिला, ओळखते. फ्रेंचचा क्रमही हाच आहे: 'झ ला कोने'. सर्वनाम क्रियापदाच्या आधी येतं. 'मी ते वाचणार आहे' म्हणताना 'ते' आपण 'वाचणार'ला चिकटवतो. फ्रेंचमध्येही 'झ व्हे ल लीर' असंच होतं, 'ल' मूळ क्रियापदाला जाऊन चिकटतो. नकारातही सर्वनाम क्रियापदाला सोडत नाही: 'झ न ला कोने पा'. फक्त होकारी आज्ञेत ते मागे जातं, 'रगार्द-मवा', म्हणजे 'माझ्याकडे बघ'. 'बघू नकोस' म्हणायचं झालं की लगेच पुन्हा पुढे: 'न म रगार्द पा'.

भूतकाळ मात्र नीट समजून घे, कारण मराठी बोलणाऱ्याला तिथे मोठा आधार आहे. 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली.' खाणारी तूच, पण क्रियापद कर्माप्रमाणे बदललं. शाळेत कर्मणी प्रयोग शिकलीस तो हाच. फ्रेंचमध्ये कर्म 'आव्ह्वार' या सहायक क्रियापदाच्या आधी आलं तर कृदंत त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. 'चिठ्ठी मी लिहिली' याला 'ला लेत्र, झ ल'ए एक्रीत'. 'एक्री'चं 'एक्रीत' झालं, कारण 'लेत्र' स्त्रीलिंगी आहे. पण चिठ्ठी क्रियापदानंतर आली की 'झे एक्री ला लेत्र', काहीही बदलत नाही. आपल्याकडे कर्म कुठेही असलं तरी क्रियापद त्याच्यामागे जातं, त्यांच्याकडे फक्त आधी आलेल्या कर्मामागे. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियन भाषेचा दाखला देत हा नियम आपल्या शिष्यांसाठी पद्यात मांडला होता. त्यावर अजून वाद चालू आहे. 2018 मध्ये बेल्जियमच्या दोन माजी शिक्षकांनी तो रद्द करावा असं जाहीरपणे सुचवलं, तेव्हा फ्रेंच वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. परीक्षेत मात्र तो पाळायचाच.

आता मराठी जिथे फसवते त्या जागा. 'मी तिला पाहिलं' हा आपला भावे प्रयोग, क्रियापद नपुंसकलिंगीच राहतं. फ्रेंचमध्ये मुलीला पाहिलं असेल तर 'झ ल'ए व्ह्यू' लिहिताना कृदंताच्या शेवटी एक जादा 'ई' अक्षर लागतं. ते ऐकू येत नाही, म्हणून तुझ्याकडून तीन ठिकाणी सुटलं आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. 'पुस्तक वाचलंस का?' 'हो, वाचलं.' आपण कर्म सरळ गाळतो आणि कुणाचं काही अडत नाही. फ्रेंच माणसाला ते वाक्य अर्धवट वाटतं. त्याला 'वुई, झ ल'ए ल्यू' हवं. तुझ्या संवादलेखनात अशी अर्धवट उत्तरं बरीच आहेत, आणि सर्वनाम चुकीच्या जागी ठेवण्यापेक्षा ते न ठेवणं मला अधिक खटकलं. चुकीच्या जागेवरून निदान तुझा प्रयत्न तरी दिसतो.

तिसरी फसगत आपल्या 'ला' प्रत्ययाची. 'त्याला बोलावते' आणि 'त्याला फोन करते' या दोन्हींत आपला एकच 'त्याला'. फ्रेंचमध्ये पहिल्यासाठी 'झ ल'आपेल', दुसऱ्यासाठी 'झ ल्वी तेलेफोन'. 'तेलेफोने' या क्रियापदाला माणसाआधी 'आ' हे शब्दयोगी अव्यय लागतं, म्हणून तिथे 'ल्वी'. आज्ञा पाळणं, उत्तर देणं, एखाद्यासारखं दिसणं ही क्रियापदंही याच गटातली. उलट वाट पाहणं, ऐकणं, शोधणं, बघणं यांना फ्रेंचमध्ये थेट कर्म लागतं: 'झ ल'आताँ', मी त्याची वाट पाहते. यात मराठी किंवा इंग्रजी कुणीच मदत करत नाही. हे क्रियापदागणिक पाठच करावं लागतं. त्यामुळे वहीत नुसतं 'तेलेफोने' लिहू नकोस, 'तेलेफोने आ केल्कँ' असं पूर्ण लिही. हे पक्कं झालं की कृदंताचा घोळही निम्मा सुटेल, कारण 'ल्वी'मुळे कृदंत कधीच बदलत नाही.

म, त, ल, ला, नू, व्हू, ले हा तक्ता तुला तोंडपाठ आहे, तो आणखी घोकू नकोस. त्याऐवजी घरात रोज बोलली जाणारी मराठी वाक्यं घे, त्यातलं गाळलेलं कर्म शोध आणि ती थेट फ्रेंचमध्ये उतरव. मग हे दोन्ही निबंध पुन्हा लिहून काढ आणि पुढच्या रविवारपर्यंत मला पाठव. मी ते ओळ न् ओळ तपासीन.

तुझी,
मावशी