ट्रकच्या इंजिनाचा ताप टॅबलेटवर



तोडलेला ऊस गाडीत अडकला की वाळतो, उतारा घटतो. वजन मात्र कारखान्याच्या काट्यावरच होते. तेव्हा जळकोटजवळ सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक तापून बसला, तर नुकसान गाडीवाल्याचे तसे ऊसवाल्याचेही.

डॅशबोर्डावरचा काटा बऱ्याच गाड्यांत मध्येच थांबून राहतो आणि एकदम लाल पट्ट्यात जातो. इंजिनाच्या कॉम्प्युटरला मात्र पाण्याचे तापमान अंशात कळते. स्टिअरिंगजवळच्या सॉकेटात छोटा ब्लूटूथ अडॅप्टर खोचला की तोच आकडा टॅबलेटवर दिसतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकांना ही सोय आहे. जुन्या, साध्या डिझेल पंपाच्या गाडीला कॉम्प्युटरच नाही. तिथे पैसे घालू नका. ट्रकला २४ व्होल्ट असतात, म्हणून मोटारीचा स्वस्त अडॅप्टर नको, आपल्या मॉडेलला चालणारा मागा.

साधारण ८० ते ९५ अंश ठीक. भरल्या गाडीला चढावर थोडा वाढणारच. पण सपाटीलाही उतरत नसेल तर रेडिएटरच्या जाळीतले पाचट, फॅनबेल्ट, पाण्याची गळती बघा. १०५ च्या वर गेला तर गाडी बाजूला घ्या. गरम असताना झाकण उघडू नका.

यात एक गोम आहे. पाणी पार गळाले तर सेन्सर कोरडा पडतो आणि आकडा उलट कमी दाखवू शकतो! म्हणून सकाळी पाणी-ऑइल डोळ्यांनी पाहणे काही सुटत नाही. चालत्या गाडीत टॅबलेट क्लीनरने बघावा, ड्रायव्हरने नव्हे. मुक्कामी अडॅप्टर काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते.