जुनी गाडी स्वतः विकताय? पैसे हातात आले म्हणजे व्यवहार संपला असं नाही



धंद्यासाठी पहिलं भांडवल उभं करायचं म्हटलं की दागिने मोडायला जीव धजत नाही आणि जमिनीचं नाव काढलं की घरात वाद होतात. मग नजर जाते ती दारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीवर. एजंट भाव पाडून मागतो, म्हणून आपण म्हणतो, स्वतःच विकू, चार पैसे जास्त येतील. विचार चुकीचा नाही. पण हे चार पैसे कुठे कुठे अडकतात आणि नंतर कसे अंगाशी येतात, ते व्हिडिओत थोडक्यात सांगितलं होतं. इथे नीट, क्रमाने बघू.

1. किल्ली दिली, पण मालक अजून तुम्हीच

सगळ्यात मोठा खड्डा हाच. आपल्याला वाटतं, पैसे घेतले, किल्ली दिली, स्टॅम्पपेपरवर सही झाली, म्हणजे गाडी विकली. कायदा तसं बघत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तो मालक.

फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या खटल्यात हेच स्पष्ट केलं. गाडी एकामागोमाग अनेकांना विकली गेली होती, पण नोंदीत नाव पहिल्याच मालकाचं राहिलं होतं. भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली. गाडी कधीच विकलेली, चालवणारा भलताच, आणि भरायचं मात्र याने! नवीन धंद्याचं भांडवल अशा एका दाव्यात संपू शकतं.

म्हणून हे दोन फॉर्म लक्षात ठेवा. फॉर्म 29 म्हणजे ‘मी गाडी विकली’ अशी तुम्ही आरटीओला दिलेली सूचना. फॉर्म 30 म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. त्यावर विकणारा आणि घेणारा, दोघांच्याही सह्या लागतात. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांच्या आत कळवायचं असतं. घेणाऱ्याला 30 दिवस मिळतात. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म 28 भरून आधी एनओसी काढावी लागते.

2. कोऱ्या टीटी फॉर्मवर सही? अजिबात नाही

“साहेब, टीटी फॉर्मवर सह्या करून द्या, गिऱ्हाईक मिळालं की नाव टाकून घेतो.” हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. असे कोरे फॉर्म गाडीबरोबर या हातातून त्या हातात फिरतात आणि दरम्यान गाडी तुमच्याच नावावर पळत राहते. चलन आलं तर तुमच्या मोबाइलवर, पोलीस आले तर तुमच्या दारात.

फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख लिहून झाल्यावरच सही करा. त्याच्या आधार आणि पॅनची झेरॉक्स त्याच्या सहीनिशी घ्या. गाडी डीलरला देत असाल तर तो आरटीओचा अधिकृत परवानाधारक आहे का, ते विचारा. एप्रिल 2023 पासून अशा डीलरसाठी वेगळी सोय आहे: गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना आरटीओकडे गेली की त्यानंतरची जबाबदारी त्याची धरली जाते.

3. कर्ज फिटलं, पण आरसीवर बँक तशीच

शेवटचा हप्ता भरून वर्षं उलटली तरी आरसीवर बँकेचं नाव असतं, कारण ते आपोआप निघत नाही. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 घेऊन आरटीओत बोजा उतरवावा लागतो. हे काम गिऱ्हाईक शोधण्याआधी करा. सौदा ठरल्यावर धावपळ सुरू झाली की समोरचा भाव पाडतो, नाहीतर निघून जातो.

4. पैसे घेताना

- पैसे *मिळवण्यासाठी* यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. “क्यूआर स्कॅन करा, विसाराची रक्कम जमा होईल” म्हणणारा तुमच्या खात्यातून पैसे काढायला बसलाय.
- मोबाइलवरचा स्क्रीनशॉट किंवा एसएमएस म्हणजे पैसे नव्हेत. स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा, मगच किल्ली द्या. चेक दिला असेल तर तो वटेपर्यंत गाडी दारातच.
- एका व्यवहारात 2 लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, तुकडे करूनही नाही. आयकर कायद्यात यासाठी घेतलेल्या रकमेएवढाच दंड आहे, आणि तो *घेणाऱ्याला*, म्हणजे तुम्हाला.
- चक्कर मारायला गाडी दिली तर शेजारी तुम्ही बसा. लायसन्स आधी बघा.

5. विमा, बोनस आणि फास्टॅग

विमा गाडीबरोबर जातो, पण नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. तो 50 टक्क्यांपर्यंत असू शकतो. गाडी विकताना विमा कंपनीकडून बोनसचं पत्र मागून घ्या. पुढची गाडी 3 वर्षांच्या आत घेतलीत तर तिच्या विम्यात तो वापरता येतो. उद्या डिलिव्हरीसाठी टेम्पो घेणार असाल तर एजंटला आजच विचारून ठेवा. घेणाऱ्यानेही 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. ते त्याला सांगा.

फास्टॅग बंद करायला विसरू नका. नाहीतर टोल तो ओलांडणार आणि पैसे तुमचे जाणार.

6. गाडी धंद्याच्या नावावर असेल तर

तुमची जीएसटी नोंदणी आहे आणि गाडीवर घसारा दाखवलाय, तर हिशेब वेगळा. गाडी घेताना जीएसटीचं क्रेडिट घेतलं नसेल तर पूर्ण किमतीवर नाही, फक्त फरकावर जीएसटी लागतो. जानेवारी 2025 पासून हा दर 18 टक्के आहे. समजा, घसारा वजा जाऊन वहीत गाडी 3 लाखांची आहे आणि विकली साडेतीन लाखांना. फरक 50 हजार, त्यावर कर 9 हजार. तीच गाडी 2 लाख 80 हजारांना विकली तर फरक उणे, कर नाही. सौदा ठरवण्याआधी सीएला एक फोन करा.

मग क्रम काय ठेवायचा?

आधी बोजा उतरवा, थकलेली चलनं भरा, पीयूसी काढा. गाडीत जे दोष माहीत आहेत ते घेणाऱ्याला सांगा आणि कागदावर लिहा. सौदा ठरला की फॉर्म भरून सह्या, मग पैसे खात्यात, मग किल्ली. ताबा पावतीवर तारखेबरोबर *वेळही* लिहा. संध्याकाळी 5 नंतरचं चलन कुणाचं, हे त्यावरून सांगता येतं. मात्र ही पावती नाव बदलण्याची जागा घेत नाही.

जमलं तर दोघं मिळूनच आरटीओचं काम करा. नाही जमलं तर नाव चढेपर्यंत थोडी अनामत रक्कम ठेवून घ्या आणि नवीन आरसी दाखवली की परत करा. हे दोघांच्या सहीने लिहून ठेवा. प्रामाणिक गिऱ्हाईक याला नाही म्हणत नाही.

धंद्यातही हीच सवय लागते. माल दिला, पैसे आले, पण कागद पूर्ण नाही, तर व्यवहार उघडाच राहतो. गाडीची विक्री हा तुमचा पहिला मोठा व्यवहार असेल तर तो कागदावर पूर्ण करूनच सोडा.

आजचा गृहपाठ: आरसी काढून तीन गोष्टी तपासा: नाव आणि पत्ता बरोबर आहे का, बँकेचा बोजा आहे का, चलन थकलंय का. यापूर्वी कधी गाडी विकली असेल तर तिचा नंबर परिवहनच्या अ‍ॅपवर टाकून बघा. नोंद अजून तुमच्याच नावाची दिसली तर घेणाऱ्याला आजच फोन करा, उद्यावर टाकू नका.