छोट्या संगणकाला रेडिएटर कोणता?

काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी तुम्ही पाहिली असेल. प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या तयार होत. मुंबईतील अशी शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. या गाडीच्या पुढच्या जाळीमागे रेडिएटर असे. उन्हाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना गाडी तापली, की चालक ती बाजूला घेई, थंड होऊ देई आणि मग रेडिएटरमध्ये पाणी भरी. तीच युक्ती आज संगणकात आली आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' या महासंगणकातही द्रवाने उष्णता वाहून नेण्याची सोय आहे. अंधेरी-बोरिवलीच्या घरांत खेळांसाठी जुळवलेल्या लहान संगणकांतही ती दिसू लागली आहे. असा रेडिएटर स्वस्त नसतो. तेव्हा तो घेण्यापूर्वी थोडे गणित करू.

उष्णता किती?

संगणक जेवढी वीज घेतो, तिची जवळजवळ सगळी उष्णताच होते. समजा, प्रोसेसर १०० वॅट आणि ग्राफिक्स कार्ड २५० वॅट वीज घेते. म्हणजे दर सेकंदाला ३५० ज्यूल उष्णता बाहेर काढली पाहिजे. एवढी उष्णता नसेल, उदाहरणार्थ प्रोसेसर फक्त ६५ वॅटचा असेल, तर धातूच्या पात्या आणि पंखा असलेला साधा हवेचा कूलर पुरतो. पाण्याच्या भानगडीत पडू नये.

पंप मिनिटाला ४ लिटर पाणी फिरवत असेल, तर पाणी किती तापेल? १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवण्यास सुमारे ४,१९० ज्यूल लागतात. सेकंदाला ०.०६७ किलोग्रॅम पाणी वाहते. म्हणून वाढ = ३५० ÷ (०.०६७ × ४,१९०) = सुमारे सव्वा अंश. याचा अर्थ सगळ्या नळ्यांतील पाणी जवळजवळ एकाच तापमानाचे असते. पंप आणखी जोरात फिरवून फारसा फायदा नाही. खरी अडचण पाण्यातून हवेत उष्णता देण्याची आहे, आणि ते काम रेडिएटरचे.

नाव एक, काम दुसरे

'रेडिएशन' म्हणजे प्रारण. पण या रेडिएटरमधून प्रारणाने जाणारी उष्णता नगण्य असते. पाण्याच्या चपट्या नळ्यांना पातळ पात्या जोडलेल्या असतात. पंख्याची हवा त्यांच्यामधून जाते आणि उष्णता घेऊन बाहेर पडते. म्हणजे काम चालते ते अभिसरणाने. न्यूटनच्या शीतन नियमाप्रमाणे, पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरक जितका जास्त, तितकी उष्णता जास्त जाते.

हौशी मंडळींचा एक ठोकताळा आहे : १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढा रेडिएटर, पंखा बऱ्यापैकी वेगात असताना आणि तापमानांत १० अंशांचा फरक असताना, सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे एका अंशाला १० वॅट. '२४०' च्या रेडिएटरवर असे दोन पंखे बसतात, '३६०' वर तीन. '२८०' वर १४० मिलिमीटरचे दोन बसतात. पंख्यांखालील क्षेत्रफळे पाहा :

२४० : २ × १२० × १२० = २८,८०० चौ. मि.मी.
२८० : २ × १४० × १४० = ३९,२०० चौ. मि.मी.
३६० : ३ × १२० × १२० = ४३,२०० चौ. मि.मी.

म्हणजे '२८०' लांबीने '३६०' पेक्षा ८० मिलिमीटरने कमी असूनही क्षेत्रफळ त्याच्या ९० टक्क्यांहून अधिक आहे. लहान पेटीत ही गोष्ट मोलाची ठरते. अर्थात तो रुंद असतो. म्हणून पेटीची रुंदीही मोजावी.

मे महिन्यातली घाटकोपरची खोली

खोलीचे तापमान ३३ अंश धरू. ३५० वॅट बाहेर टाकण्यासाठी '२४०' ला ३५० ÷ २० = १७.५ अंशांचा फरक हवा, म्हणजे पाणी ५०.५ अंशांवर स्थिरावेल. '२८०' मध्ये ते सुमारे ४६ आणि '३६०' मध्ये सुमारे ४४.७ अंशांवर राहील. बहुतेक पंपांसाठी पाणी ६० अंशांच्या आत ठेवण्याची सूचना असते. तेव्हा तिन्ही चालतील. पण '२४०' चे पंखे सतत घोंघावत राहतील. शिवाय रेडिएटरला पेटीतली ५ अंशांनी अधिक तापलेली हवा मिळाली, तर पाणीही तितकेच वर जाईल. म्हणून रेडिएटरला खोलीतली ताजी हवा मिळेल अशी मांडणी करावी आणि पेटी भिंतीला चिकटवू नये.

दुप्पट जाड रेडिएटर घेतला तर दुप्पट उष्णता जाईल का? नाही. पुढच्या थरातून गेलेली हवा मागच्या थराला पोचेपर्यंत तापलेली असते. जाड रेडिएटरमधून हवा ढकलायला पंखाही जोराचा लागतो. आणि सुमारे २७ मिलिमीटरच्या रेडिएटरवर २५ मिलिमीटरचा पंखा बसवला की ५२ मिलिमीटर जागा जाते, हेही विसरू नये.

तीन सावधगिरीच्या गोष्टी

१. पाण्यात बर्फ घालू नये. ३३ अंश तापमान आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. नळ्या त्याहून थंड झाल्या, की बर्फाच्या पेल्याप्रमाणे त्यांवर पाण्याचे थेंब जमतील आणि विद्युत-मंडलावर पडतील. साधा रेडिएटर मात्र पाण्याला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. त्यामुळे तेथे हे भय नाही.

२. स्वतः नळ्या जोडायच्या असतील, तर तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आणू नये. दोन धातू आणि मधले पाणी मिळून विद्युत-घट तयार होतो व ॲल्युमिनियम झिजते. ऊर्ध्वपातित पाणी आणि गंजरोधक वापरावे, नळाचे पाणी नको.

३. पात्यांत धूळ साचली, की हवा अडते. त्या वेळोवेळी साफ कराव्यात.

शेवटी एक गोष्ट. रेडिएटर उष्णता नष्ट करत नाही, फक्त पेटीतून खोलीत आणतो. १० × १० × १० फुटांच्या बंद खोलीत सुमारे ३२ किलोग्रॅम हवा असते. भिंती व सामानाने काहीच उष्णता घेतली नाही, तर ३५० वॅटने ती तासाभरात सुमारे ३९ अंशांनी तापेल! प्रत्यक्षात भिंती बरीच उष्णता शोषतात, पण दिशा तीच. म्हणून महागडा रेडिएटर घेण्याआधी खिडकी उघडून पाहावी.

करून पाहा : दोन सारख्या वाट्यांत सारखे गरम पाणी घ्या. एक पंख्यासमोर, दुसरी आडोशाला ठेवा. दर ५ मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. दोन्ही वक्र कोणत्या तापमानाकडे झुकतात?

सोडवा : मुलुंडच्या एका खोलीचे तापमान ३० अंश आहे. संगणक २०० वॅट उष्णता देतो. '२४०' च्या रेडिएटरमधील पाणी किती अंशांवर स्थिरावेल? (उत्तर : ४० अंश)