कार्डावरची तारीख चुकली का?

प्रश्न : दापोऱ्याच्या एका हौशी रेडिओचालकाला जर्मनीहून कार्ड आले. बोलणे झाले ६ तारखेला पहाटे दोनला, कार्डावर मात्र ५ तारीख. ते बाद समजायचे का?

उत्तर : मुळीच नाही! हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक मंडळी, जगभर एकच घड्याळ पाळतात, यूटीसी. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. दापोऱ्यात पहाटेचे २ वाजतात तेव्हा यूटीसीनुसार आदल्या रात्रीचे साडेआठच झालेले असतात.

या कार्डाला 'क्यूएसएल' म्हणतात. तारायंत्राच्या जमान्यातला हा संकेत. अर्थ, 'पोच मिळाली'. पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर दोघांची कॉलसाइन (रेडिओवरचे ओळखसंकेत), वेळ, बँड आणि '५९' असा आकडा असतो : स्पष्टता पाचपैकी पाच, सिग्नलचा जोर नऊपैकी नऊ. (सौजन्यापोटी तो सढळ हाताने वाटला जातो, ही गोष्ट वेगळी.) कोपऱ्यातले '७३' म्हणजे कुणाचे वय नव्हे, तो नमस्कार आहे.

थेट टपाल महाग पडते; क्यूएसएल ब्युरोमार्फत गठ्ठ्याने पाठवलेली कार्डे स्वस्तात पण रमतगमत पोहोचतात. उलट कार्ड भरताना या रेडिओचालकानेही ५ तारीखच लिहावी, नाहीतर जर्मन गड्याच्या नोंदवहीशी मेळ बसणार नाही.