एका चाकावरील मोटारसायकल : स्थैर्याचा विचार

चिक्कडपल्लीच्या हमरस्त्यावर रात्री रहदारी ओसरली की, पुढचे चाक अधांतरी धरून आर.टी.सी. चौरस्त्याकडे मोटारसायकल पिटाळणारे तरुण मी अनेकदा पाहतो. त्यांतला एक माझाच विद्यार्थी. "सर, वेग जितका जास्त तितकी गाडी स्थिर," असे त्याने मला ऐकविले. दोन्ही चाके जमिनीवर असताना हे बरेचसे खरे आहे. एका चाकावर ते कितपत टिकते, हे पाहू.

धावती गाडी उजवीकडे कलली की पुढचे चाक आपोआप उजवीकडे वळते आणि चाके पुन्हा गुरुत्वमध्याखाली येतात. याचे सारे श्रेय फिरत्या चाकाच्या जायरोस्कोपिक परिणामाला देण्याची जुनी सवय आहे. परंतु डेव्हिड जोन्स यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उलट फिरणारे जादा चाक लावून तो परिणाम नाहीसा केला, आणि ती सायकल खुशाल चालविली! हँडलचा अक्ष जमिनीला जेथे मिळतो त्याच्या किंचित मागे चाक टेकते, हे दुसरे कारण सांगतात. २०११ मध्ये डच व अमेरिकन संशोधकांनी या दोन्ही गोष्टी काढून टाकलेली सायकल स्वारावाचून स्थिर धावते, हे दाखविले. कारणे काहीही असोत, सावरण्याचा मार्ग एकच : पुढचे चाक जमिनीवर वळले पाहिजे.

चाक उचलले की नेमका हाच मार्ग बंद होतो. उरते मागचे चाक. घरंगळणारे नाणे कलले की त्याच बाजूला वळत जाते, तसेच तेही वळू पाहते. पण नाण्याच्या डोक्यावर स्वार आणि इंजिन बसलेले नसते. वेगाने मागच्या चाकाचा कोनीय संवेग वाढतो, हे खरे. तथापि डावीउजवीकडचा तोल मुख्यतः गुडघे आणि कंबर यांनीच राखावा लागतो.

आता पुढेमागे डोलण्याचा प्रश्न. हिशेबासाठी, स्वारासह गुरुत्वमध्य मागच्या चाकाच्या टेकूपासून ६५ सें.मी. पुढे व तितकाच उंच आहे असे धरू. मग गाडी ४५ अंश उचलली की तो बरोबर टेकूवर येतो. हा तोलबिंदू. त्याच्या पलीकडे गेली तर स्वार पाठीवर. तेथे मागचा ब्रेकच तारतो, म्हणून जाणता स्वार उजवा पाय त्यावरून हलवीत नाही. (म्हैसूरच्या येझ्दीवर चाक उचलायला क्लच झटकून सोडावा लागे, आताच्या दांडग्या गाड्यांना थ्रॉटल पुरतो.) तोलबिंदूच्या अलीकडे, समजा ३० अंशांवर, चाक केवळ त्वरणाने वर राहते. ते दर सेकंदाला सुमारे २.६ मीटर प्रतिसेकंद इतके लागते. म्हणजे ताशी ६० कि.मी. वेगाने सुरुवात केली, तर पाच सेकंदांत ताशी १०७! हवेच्या रोधामुळे आकडा काहीसा उतरेल. पण असा स्वार वेग निवडीत नसतो, वेग त्याला ओढून नेत असतो.

चाक खाली येतानाही हँडल सरळच हवे. हवेत पुढच्या चाकाची गती मंदावलेली असते. ते तिरके टेकले तर हँडल दोन्ही बाजूंना जोराने थडथडू लागते, आणि वेग जास्त असेल तर ही थडथड हातांनी आवरत नाही.

सेनेच्या सिग्नल दलाचे 'डेअर डेव्हिल्स' प्रजासत्ताकदिनी दिल्लीत गाड्यांवर मनोरे रचतात, ते मोकळ्या केलेल्या मार्गावर आणि मंद, ठरलेल्या गतीने. आमच्या रस्त्यावर ताशी ६० कि.मी. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दोन्ही ब्रेक नीट लावता आले तर गाडी साधारण २० मीटरांत थांबते. मात्र गाडी थांबविण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, आणि तो चाक टेकेपर्यंत निरुपयोगी. चाक टेकवायला एकच सेकंद धरला, तरी २० चे ३७ मीटर होतात. शिवाय भान येण्यात गेलेला वेळ वेगळाच. मी हा हिशेब फळ्यावर मांडला, तेव्हा त्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, तोवर बसमागून कोणी उतरून रस्त्यावर आले तर?" मी खडू त्याच्याच हाती दिला.