जुन्या मोटारीचे पासिंग आणि मीटरची वही

जुनी मोटार विकावयास निघाली की गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारते. 'मॉडेल कितीचे?' आणि 'किती पळाली आहे?' पहिल्याचे उत्तर आर.सी. बुकात मिळते. दुसऱ्याचे खात्रीचे उत्तर मिळणे मात्र कठीण. माझे वडील अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरील एका गॅरेजात मेकॅनिक आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे हा विषय मी पुस्तकाआधी वडिलांकडून शिकले.

ज्याला आपण 'पासिंग' म्हणतो ती गाडीची योग्यता-तपासणी होय. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, हॉर्न, टायर व धूर यांची पाहणी तीत होते. टॅक्सी, टेम्पो अशा भाड्याच्या गाड्या आठ वर्षांच्या झाल्या की दरवर्षी पासिंग करावे लागते. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र प्रथम पंधरा वर्षे चालते आणि पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. आपल्या भागातील एम.एच. ०६ च्या गाड्या त्यासाठी पेणला जातात. पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने वेगळे नियम केले. त्यांच्या क्रमांकात 'व्ही.ए.' ही अक्षरे येतात. पण अशी गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आपल्या सर्वांच्या ओळखीची. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने, २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद झाली. खाजगी पद्मिनी मात्र तपासणीत उतरली तर आजही चालू शकते.

किनाऱ्यावर अडचण अशी की पाच वर्षांचा काळ फार मोठा आहे. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खालून कुजतो. वरून रंग चकचकीत असतो आणि ब्रेकच्या नळीला आतल्या आत गंज धरलेला असतो. अशी गाडी कार्ल्याच्या खिंडीच्या उतारावर दगा देऊ शकते. म्हणून कायदा मागो न मागो, दरवर्षी पावसाळा संपताच गाडी वर उचलून खालून पाहावी, असे वडील सांगतात.

आता मीटरकडे वळू. जुन्या गाडीत गिअरबॉक्सपासून एक केबल निघते आणि ती फिरली की मीटरचे आकडे सरकतात. केबल तुटली तर गाडी पळते, आकडे थांबतात. मूळ मापापेक्षा मोठे टायर घातले तर मीटर खऱ्यापेक्षा कमी अंतर दाखवते. पाच आकड्यांचे मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येते. शिवाय आकडे मुद्दाम मागे फिरवणारेही असतात. तेव्हा एकट्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

ब्रिटनमध्ये १९६० साली मोटारींची सक्तीची तपासणी सुरू झाली. तेथे आज प्रत्येक तपासणीच्या वेळी मीटरचा आकडाही नोंदला जातो. समजा, एका वर्षी आकडा ६१,२४० होता व पुढच्या वर्षी ६४,८९०, तर गाडी ३,६५० पळाली, म्हणजे रोज सरासरी दहा. पुढे तोच आकडा ५८,००० दिसला तर कोणीही कारण विचारील. गंमत अशी की २०१८ पासून चाळीस वर्षांवरील, फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना तेथे या तपासणीतून सूट आहे. म्हणजे ज्यांची नोंद सर्वांत मोलाची, त्यांचीच साखळी तुटू शकते.

आपल्याकडे ही उणीव वहीने भरून काढता येते. वडील चौथीपर्यंत शिकलेले. ते सांगतात आणि मी वहीत तारीख, मीटरचा आकडा व केलेले काम लिहिते. मीटर बदलले तर जुना आकडा आणि नवा आकडा दोन्ही लिहितो. इतिहासाच्या तासाला आम्ही शिकलो की एका कागदाला दुसऱ्या कागदाचा दुजोरा लागतो. वहीतील आकडा पासिंगच्या तारखेशी आणि टायरच्या पावतीशी जुळला, तर तोही पुरावाच नव्हे काय?

जुनी गाडी घेणारा माणूस पुष्कळदा कर्ज काढून घेतो आणि तीत आपली मुलेबाळे बसवतो. त्याला खरे कळणे हा त्याचा हक्क आहे. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्या मित्रमैत्रिणींनी एक वही आजच घालावी. खर्च फारसा नाही, उपयोग मात्र पुष्कळ आहे.