‘अपसेट’ म्हणजे दुःखी की रागावलेला?

‘अपसेट’ या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ आजच्या जवळजवळ उलट होता: उभारणे. उलथवणे, कलंडवणे हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. भरलेली वाटी कलंडावी तशी मनाची स्थिती होणे, हा आजचा अर्थ त्याच्याच जवळचा. म्हणून हा शब्द केवळ दुःखाचा नाही आणि केवळ रागाचाही नाही. चिंता, अपेक्षाभंग, अपमान, काहीही त्यामागे असू शकते. मनाचा तोल गेला, एवढेच तो सांगतो. मराठीत ‘खट्टू होणे’, ‘अस्वस्थ होणे’, ‘मनाला लागणे’ यांतून प्रसंगानुसार निवड करावी. सरसकट ‘नाराज’ लिहिल्याने वाक्यातली वेदना हरवते, आणि हे नुकसान लहान नाही. जवळच्या माणसाच्या मृत्यूने कोसळलेल्यासाठी मात्र ‘अपसेट’ तोकडा पडतो; तेथे ‘डिस्ट्रॉट’ योग्य.

माणसावर रोष असेल तर पुढे ‘विथ’ येते, घटनेविषयी बोलायचे असेल तर ‘अबाउट’. भूतकाळी रूपही ‘अपसेट’च, ‘अपसेटेड’ चुकीचे. उच्चारात क्रियापदाचा जोर ‘सेट’वर, नामाचा ‘अप’वर.

पोट बिघडण्यालाही हाच शब्द चालतो. खेळात अनपेक्षित पराभव म्हणजे ‘अपसेट’. 1919 मध्ये अमेरिकेतील साराटोगा येथे ‘अपसेट’ नावाच्या घोड्याने विख्यात ‘मॅन ओ वॉर’ला हरवले, त्यावरून हा अर्थ आला असे सांगतात, पण क्रीडावृत्तांत तो त्याआधीच, एकोणिसाव्या शतकात वापरला जात होता.